धर्मबापाची बाजू

तांबोग्रांदे, पिउरा
१० मार्च १९९५

कासिमिरो,

जिवंत असशील तर हे वाच. नसशील तर तुझ्या बायकोने वाचून बाजूला ठेवावं, तिच्याशी माझं भांडण नाही.

आठ वर्षांत तू मेक्सिकोहून दोन नाताळकार्डं पाठवलीस. दोन्हींवर तुझ्या बायकोच्या बागेचा फोटो, आणि मधोमध तू, कमरेवर हात ठेवून, जणू ती जमीन तूच अंथरलीस. कार्डं मी पिठाच्या डब्यामागे ठेवली आहेत. मुंग्यांना आवडली.

खुशाली विचारायला हे लिहीत नाही. आपल्या अंगणातल्या झाडाबद्दल लिहितेय. बाबांनी तुझ्या बाप्तिस्म्याच्या वर्षी लावलेला तो गावठी आंबा. तीन वर्षं झाली, त्याला मोहोर नाही, औषधाला एक तुरा नाही. पानं मात्र एवढी, की भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. माझा जावई विल्मर म्हणतो, हे झाड फुकट खातंय, तोडू आणि तिथे केंट आंब्याची कलमं लावू. परदेशात केंट जातो, हा धाग्याधाग्यांचा आंबा कोण खातं? कुठे ऐकल्यासारखं वाटतंय का? तूच असं बोलायचास. विल्मरला तू कधी भेटला नाहीस, तरी तुझंच तोंड घेऊन आलाय. माझ्या नेल्लीला अख्ख्या खोऱ्यात दुसरा नवरा मिळाला नाही.

मी त्याला जूनपर्यंत, सान हुआनच्या दिवसापर्यंत थोपवलंय. त्या सकाळी रीतीप्रमाणे होईल. तू ती विसरला असशील, म्हणून सांगते. न फळणाऱ्या झाडापुढे एकाने कुऱ्हाड उगारायची आणि म्हणायचं, "देत नाहीस, तोडतो." मग झाडाच्या धर्मबापाने आडवं यायचं: "थांबा. देईल. मी सांगतो." मग कुऱ्हाड फिरवायची, तिची पाठ तेवढी खोडाला टेकवायची, आणि झाडाला पुढच्या मोसमाची मुदत मिळते.

या झाडाचा धर्मबाप तू. तू पाळण्यात होतास तेव्हा बाबांनी तुझा हात त्या रोपाला लावला होता. आणि ज्या वर्षी खरोखर आडवं यायची वेळ आली, बाबा कुऱ्हाड उगारून उभे, गाव मक्याच्या दारूच्या, चिचाच्या वाट्या हातात घेऊन उभं, तेव्हा तू काय म्हणालास? "तोडा, मला काय." धर्मबापच तोडा म्हणाला की घाव घालावा लागतो. बाबांनी घातला. एकच. कुऱ्हाड तिथेच टाकून आत गेले आणि पुन्हा तुझ्या ताटाशेजारी बसले नाहीत. महिन्याभरात तू निघून गेलास. वर्षाने ते गेले.

त्या घावानंतर झाडाने पाच वर्षं भरभरून दिलं, तुझं नाक कापायलाच बहुतेक. आता बंद. बाबा तोडणी संपली की मार्चच्या उतरत्या चंद्रात वाळकी-किडकी फांदी काढायचे, त्यापलीकडे त्यांनी याला कधी कापलं नाही. मला वाटतं आता नीट छाटायला हवं. कुठे छाटायचं आणि कधी, एवढं लिही. तुझ्यावर भरवसा आहे म्हणून विचारत नाही. दुसरं कोणी उरलं नाही म्हणून विचारते.

मेल्चोरा

*

तापाचुला, चियापास
२० एप्रिल १९९५

मेल्चोरा,

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं कळेना. अजून कुऱ्हाड, अजून चंद्र. जग आंबा खोक्यात भरून विमानाने पाठवतंय आणि तुम्ही अंगणात उभं राहून झाडाला दम देताय. मला वाटलं होतं आठ वर्षांत निदान एकाला तरी अक्कल आली असेल. पण ती काय वाऱ्याने येते?

आता नीट वाच, आणि कळलं नाही तर दुसऱ्यांदा वाच. एवढी पानं म्हणजे पाणी फार. विल्मरने केंटसाठी नवा पाट काढला असणार, आणि तो झाडाच्या बुडाजवळून जात असणार, बरोबर? मग झाड कशाला फुलेल? घरबसल्या खायला-प्यायला मिळालं की कोणी कामाला जात नाही. तुझ्या जावयाकडे बघ म्हणजे समजेल. मोहोरायला आंब्याला थोडी तहान लागते आणि थोडी थंडी. पाट वळवा, मेपासून त्याला थेंब देऊ नका.

दुसरं, छाटणी. मधला घेर उघडा. आत वळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, खाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले पाहिजेत. बाहेरची टोकं आखडा, म्हणजे एका टोकाचे चार फुटवे होतील. कधी, ते विचारलंस. जूनमध्ये. सान हुआनचा आठवडा. आधी नाही, नंतर नाही. इथे आमच्या बागेत वर्षानुवर्षं तेव्हाच कापतात, मी माझ्या माणसांना तेव्हाच शिडीवर चढवतो, आणि मोहोराने फांद्या वाकतात. बाबांचा मार्च विसरा. बाबा मार्चमध्ये कापायचे, कारण मार्चमध्ये त्यांना दुसरं काम नसायचं.

आणि त्या कुऱ्हाडवाल्याला सांग, थांबा म्हणावं जरा. ते झाड देईल, मी सांगतो. दोष झाडाचा नाही, त्याच्याभोवती जे उभे आहेत त्यांचा आहे.

माझी बायको रेफुहियो नमस्कार सांगते. ती बागेत आहे, नाहीतर दोन ओळी लिहिल्या असत्या.

कासिमिरो

*

तांबोग्रांदे
२६ जून १९९५

कासिमिरो,

तुझं पत्र मेमध्ये आलं. तोवर मी थांबले नव्हते. तुझ्या उत्तराच्या भरवशावर राहिले असते तर मीही वाळून गेले असते. एप्रिलमध्ये झाडाची पाटाकडची बाजू मीच शिडी लावून कापली, बाबांच्या उतरत्या चंद्रात. मग कंबर धरली आणि स्वयंपाकघराकडची बाजू राहून गेली.

पाण्याचं तू बरोबर ओळखलंस. हे लिहिताना माझा हात दुखतोय. पाट वळवला. विल्मर चार दिवस माझ्याशी बोलला नाही, ते चार दिवस बरे गेले.

आता सान हुआनचं ऐक. सगळे जमले. बोकड शिजत होता, चिचा गाळून ठेवली होती. विल्मरने कुऱ्हाड आणली, ती धार लावून. रीतीची कुऱ्हाड बोथट असते, हे सुद्धा त्याला कोणी शिकवायचं? "देत नाहीस, तोडतो," म्हणाला, आणि चेहऱ्यावर हसू नव्हतं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घरमालकीण, मला आडवं येता येत नाही. नेल्ली पुढे झाली, म्हणाली, मी होईन धर्मआई. तर आपला म्हातारा अपोलिनार, ज्याला रीतीतलं सगळं पाठ आहे आणि कामातलं काही येत नाही, तो काठी आपटून म्हणाला, "धर्मबाप जिवंत असताना दुसरा करता येत नाही. जिवंत आहे ना तो?"

"पत्र लिहितो, म्हणजे असावा," मी म्हटलं.

"मग पत्र आण."

आणलं. झाडाखाली उभी राहून वाचलं, पहिल्या ओळीपासून. अख्ख्या गावाला तू बिनअकलेचं म्हटलंस ते लोकांनी टोप्या काढून ऐकलं. विल्मरचं वाचलं तेव्हा बायका शालीआड हसल्या. बाबांबद्दल लिहिलंस ते मी गाळलं, तुझ्यासाठी नव्हे, बाबांसाठी. आणि मग ते शेवटचं आलं. थांबा म्हणावं, ते झाड देईल, मी सांगतो. अपोलिनारने हात वर केला.

"झालं. तिन्ही शब्द आले. कुऱ्हाड फिरव."

"याला आडवं येणं म्हणतात?" विल्मर म्हणाला. "हा माणूस तर शिव्या देतोय."

"या यार्लेके घराण्यात गयावया अशीच करतात," अपोलिनार म्हणाला, आणि विल्मरला कुऱ्हाड फिरवावी लागली.

तेव्हा ऐक, कासिमिरो. आठ वर्षं उशिरा का होईना, तू आडवा आलास. मुद्दाम आलास की पेन घसरलं, ते तुझं तुला माहीत. अपोलिनारने मुदत दिली ती या मोसमापुरती. जानेवारीपर्यंत फळ आलं तर झाड राहील. नाही आलं तर पुढच्या खेपेला कुऱ्हाडीची पाठ नाही, धार.

मी आत जाऊन ताटं घेणार होते, तेवढ्यात विल्मर म्हणतो, "धर्मबापाचं सगळं ऐकायचं ना? त्याने जून सांगितलाय, सान हुआनचा आठवडा. करवत आणू?"

या खोऱ्यात जूनमध्ये आंब्याला कोणी करवत लावत नाही, हे शेळ्यांनासुद्धा माहीत आहे. विल्मरलाही माहीत आहे, म्हणून तर तो विचारत होता. अपोलिनारने हनुवटी खाजवली, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "झाडाखाली वाचलं गेलं, आता करावं लागेल. अर्धं ऐकलं तर मुदतही अर्धी."

मग विल्मर वर चढला आणि स्वयंपाकघराकडची सगळी बाजू आखडून टाकली. आनंदाने. मी आत गेले, मला बघवलं नाही.

इथे जूनमध्ये आंबा छाटतात असं तुला कोणत्या गाढवाने सांगितलं? की आता तुझ्या घरचा हिवाळा कधी येतो तेही तुला दुसऱ्यांना विचारावं लागतं?

मेल्चोरा

*

तापाचुला
३० जुलै १९९५

मेल्चोरा,

खरंच जूनमध्ये कापलंत? खरंच?

अगं, इथे शेवटचं खोकं मेमध्ये भरतात, म्हणून इथे जून. तोडणी संपली की लगेच, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्याकडे तोडणी फेब्रुवारीत आटोपते. हा हिशोब शाळेत न गेलेला माणूस बोटांवर करील. मी मेक्सिकोत बसून लिहितो हे पाकिटावरच्या तिकिटावर छापलेलं आहे. मला वाटलं वाचणाऱ्याला डोकं असेल. तिथेच माझं चुकलं, दुसरीकडे कुठे नाही.

झाड कापलं की ते पालवी काढतं. ती पालवी निबर व्हायला महिने जातात, आणि मोहोर निबर टोकालाच येतो, कोवळ्याला नाही. तिकडे जून म्हणजे हिवाळा, तुम्ही थंडीच्या तोंडावर कापलंत. आता त्या बाजूला तांबूस पालवी लोंबत असेल, बघायला गोड आणि खायला काही नाही. ती बाजू यंदा गेली. पाटाकडची तू एप्रिलमध्ये कापलीस ते चुकून बरोबर केलंस. जरा उशीर झाला, पण म्हातारं झाड आहे, जमवून घेईल. कैरी वाटाण्याएवढी होईपर्यंत पाणी देऊ नकोस, मग थोडं थोडं दे.

आणि माझं खासगी पत्र चार लोकांत वाचायचा तुला काय अधिकार? मी आडवाबिडवा आलो नाही. मी सल्ला दिला. अपोलिनारला सांग, दोन्हीत फरक असतो.

करवत त्या घावाच्या किती जवळ गेली, ते लिही.

कासिमिरो

*

तांबोग्रांदे
८ सप्टेंबर १९९५

कासिमिरो,

झाड मोहोरलं. अर्धं.

न्हाव्याने अर्धी हजामत करून पळून जावं, तसं दिसतंय. पाटाकडे मोहोर एवढा की पान दिसत नाही, सकाळी मधमाश्यांच्या आवाजाने कोंबड्या दबकतात. आणि स्वयंपाकघराकडे तुझी अक्कल: हिरवीगार, टवटवीत आणि उपयोग शून्य. पलीकडच्या वाडीवरून माणसं बघायला येतात. झाडाला एक चक्कर मारतात, आधी नाकाने वास घेतात, मग दुसऱ्या बाजूला येऊन पोट धरून हसतात. त्या बाजूला आता नाव पडलंय. धर्मबापाची बाजू म्हणतात. नेल्ली कपडे वाळत घालताना म्हणते, "आई, धर्मबापाच्या बाजूला सावली आहे, तिकडे नको." नाव निघालं गावात तुझं, अभिनंदन.

विल्मर पाटाकडे जाऊन उभा राहतो आणि आपण फक्त पाट बघतोय असं दाखवतो. परवा अपोलिनारला म्हणाला, "अर्ध्या झाडाने भागेल का?" अपोलिनार म्हणाला, "मोहोर पोटात जात नाही. फळ बघू."

तुझी दोन्ही पत्रं मी पुन्हा वाचली. दुसऱ्यांदा वाचायला तूच सांगितलं होतंस. एक गोष्ट मला खटकते. ज्याची स्वतःची बाग असते तो माणूस रडतो. पाऊस चुकीच्या वेळी आला, माशी पडली, मजूर मिळत नाहीत, करपा आला. विल्मरचं बघ, सकाळी उठल्यापासून रडतो. तुझ्या दोन पत्रांत एक कीड नाही, एक वाईट वर्ष नाही. माणसं शिडीवर चढतात आणि फांद्या वाकतात, बस. अशी बाग नाताळकार्डावर असते.

काय लपवतोयस?

मेल्चोरा

*

तापाचुला
१० ऑक्टोबर १९९५

मेल्चोराबाई,

तुमचं पत्र मी उघडलं. माझ्या पत्त्यावर आलं होतं, म्हणून माफी मागत नाही. आधीची दोन मी न उघडता माझ्या भावाच्या हाती पाठवली होती, आता भाऊ कंटाळला.

कासिमिरो गेल्या ईस्टरपासून इथे राहत नाही. बाग माझ्या वडिलांची होती, आता भावाची आहे. तुमचा भाऊ इथे आंबे उतरवायला आला, मग माझा नवरा झाला आणि मग सगळ्यांचा मास्तर झाला. ज्या माणसाने कधी करवत धरली नाही तो माझ्या वडिलांना छाटणी शिकवायचा. दर जूनमध्ये माझा भाऊ वर कापायचा आणि हा खाली पडलेल्या फांद्या ओढायचा. तुम्हाला लिहिलं ते सगळं त्याने खाली उभं राहून पाहिलेलं आहे.

मी त्याला हाकललं नाही. एक दिवस त्याच्याकडे शिकवायला काही उरलं नाही, तेव्हा तोच गेला. आता मंडईमागच्या शेडमध्ये खोकी ठोकतो. दारू पीत नाही, कोणाचं वाईट करत नाही. पण घरात राहून घराला नावं ठेवणारा माणूस किती दिवस सोसायचा?

आमचा आंबा त्याने कधी कौतुकाने खाल्ला नाही. धागा नाही, दातात अडकत नाही, हा कसला आंबा, म्हणायचा. तुमच्या पत्रातलं झाड वाचल्यावर मला कळलं की तो कशाबद्दल बोलायचा.

तुमचं पत्र त्याच्या शेडवर पाठवते आहे.

रेफुहियो

*

तापाचुला
१५ नोव्हेंबर १९९५

मेल्चोरा,

पत्र मिळालं. बाग उत्तम आहे. यंदा फळमाशी आहे, मजूर मिळत नाहीत आणि पाऊस नको तेव्हा आला. झालं समाधान?

पाटाकडे कैऱ्या धरल्या असतील तर फांद्यांना टेकू दे. विल्मरला सांगू नकोस, तो टेकू लावायला जाईल आणि फांदी मोडेल. तू स्वतः बांध.

घावाचं मी विचारलं होतं. तू हजामतीबद्दल लिहिलंस, न्हाव्याबद्दल लिहिलंस, सगळ्या गावाचं लिहिलंस. त्याचं उत्तर दिलं नाहीस.

कासिमिरो

*

तांबोग्रांदे
२० जानेवारी १९९६

कासिमिरो,

फळ आलं. पाटाकडची बाजू एवढी लगडली की टेकू सुद्धा वाकले. पहिला आंबा अपोलिनारला दिला. त्याने देठाकडून चीक पिळून टाकला, चोखला, बाठा पांढरा होईपर्यंत चोखला, आणि मग न्यायाधीशासारखा म्हणाला, "दिलं." विल्मर गुडघे फाकवून पुढे वाकून खात होता, सदऱ्यावर गळू नये म्हणून. म्हणाला, किती हे धागे. मग काडीने दात कोरले आणि आणखी एक उचलला. कुऱ्हाड छपराला खोचून ठेवली आहे.

पण तुझा अपोलिनार आहे ना, त्याने सगळं सरळ होऊ दिलं तर तो अपोलिनार कसला. म्हणतो, अर्ध्या झाडाने दिलं, म्हणजे अर्धं झाड सुटलं. धर्मबापाच्या बाजूचं काय ते पुढच्या सान हुआनला. विल्मरने लगेच पावलं टाकून मोजलं, तो फाटा बुडापासून काढला तर तिथे किती केंट बसतात. आणि पत्र पुन्हा चालणार नाही. अपोलिनारने आधीच सांगून ठेवलंय, कागद एकदाच आडवा येतो.

रेफुहियोचं पत्र मला नोव्हेंबरमध्येच मिळालं होतं, तुझ्या फळमाशीच्या आधी. सगळं माहीत आहे. मोठेपणा पुरे. लाज कशाची वाटली तुला, खोकी ठोकायची? बाबांनी जन्मभर दुसऱ्यांची केळी वाहिली आणि कधी स्वतःचा मळा म्हणून कार्ड छापलं नाही. खालून फांद्या ओढता ओढता जेवढं शिकलास तेवढं बरोबर शिकलास. फक्त कोणता महिना कोणत्या घरचा, एवढं वर बघून विचारायला हवं होतं. पण विचारलं असतंस तर तू कसला.

घावाचं विचारतोस. तो भरलेला नाही. कडा आत वळल्या आहेत, हात घातला तर मनगटापर्यंत जातो. करवत त्याच्या पुष्कळ वरून गेली. मला माहीत आहे, कारण मी आत गेले नव्हते. ते खोटं लिहिलं होतं. मी खाली घावावर हात ठेवून उभी होते आणि विल्मरला म्हटलं, याच्या खाली करवत आणलीस तर माझ्या बोटांवरून आण.

आणखी एक आहे, जे तुला कधी लिहिलं नाही. बाबांच्या शेवटच्या सान हुआनला मी त्यांना म्हटलं, चला अंगणात, लोक आलेत. ते खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, आडवा येणारा इथे नाही, मग उगारून काय करू. तू गेल्यावर तुझ्याबद्दल ते बोलले ते एवढंच. मी हे आठ वर्षं स्वतःकडे ठेवलं, कारण मला वाटायचं तुझी ऐकायची लायकी नाही. अजूनही वाटतं. पण आता एकटीने हे सांभाळायचा मला कंटाळा आलाय.

ये. मला तू इथे हवा आहेस. हे एकदाच लिहितेय, समोर विचारशील तर कानावर हात ठेवीन. तुझी ती बाजू मी कापणार नाही आणि विल्मरला कापू देणार नाही. तोडणी संपत आली आहे. मार्चमध्ये ये. सान हुआनची वाट बघत बसू नकोस. छाटणी कधी करतात, एवढं तरी आता तुला कळलं असेल.

मेल्चोरा

*

तुंबेस
९ मार्च १९९६

मेल्चोरा,

सरहद्द ओलांडली, आपल्या मुलखात आलो. शिपायाने पेटी उघडायला लावली. आत दोन सदरे आणि एक करवत. म्हणाला, करवत कशाला? म्हटलं, घरी माणसं आहेत, पण धड करवत नाही.

पैसे कमी पडले म्हणून इथे थोडे दिवस बंदरावर खोकी ठोकतोय. हे पत्र माझ्याआधी पोहोचेल. शिडी बाहेर काढून ठेव, आणि विल्मरने धार लावलेलं काहीही माझ्या हातात देऊ नकोस. तू कापलेली बाजूही मला बघावी लागेल. तुझ्या हातचं काम मला माहीत आहे.

सान हुआनला कुऱ्हाड विल्मरलाच धरू दे. हवी तेवढी धार लावू दे. यंदा कोणाला पत्र वाचावं लागणार नाही.

कासिमिरो